अत्तराचें मोल व नाकाची साक्ष

गेल्या उन्हाळ्यांत मूर्तिजापूर तालुक्यांतील एका खेड्यांत लग्नासाठीं जाण्याचा प्रसंग आम्हांस आला. वधूपिता चार एकर कोरडवाहू जमिनीचा धनी. कापूस व तूर यांवर त्याचा संसार चालतो. लग्नाच्या आदल्या सायंकाळीं ओसरीवर पाहुणे बसले असतां एक लहानसा प्रकार घडला. मुलीच्या मामानें अकोल्याच्या बाजारांतून जांवयासाठीं गुलाबाच्या अत्तराची एक कुपी आणिली होती. किंमत दीडशें रुपये. ती हातोहात फिरली व तिचा वास सर्वांस आवडला. तितक्यांत वरपक्षाकडील एका गृहस्थानें सहज म्हणून सांगितलें कीं, नवरदेव अमुक एका परदेशी नांवाचेंच अत्तर लावतो, आणि त्याची बाटली सात हजारांस मिळते. ओसरीवर शांतता पसरली. मामानें आपली कुपी मुकाट्यानें खिशांत घातली. वधूपित्याचें तोंड उतरलें. सात हजार रुपये म्हणजे त्याच्या घरीं जवळजवळ एक क्विंटल कापसाचें मोल होय.

रात्रीं जेवणें झाल्यावर तो आम्हांस एकीकडे घेऊन म्हणाला, "पाळकसाहेब, तुम्ही शिकलेले आहां. खरें सांगा, महाग अत्तराचा वास खरोखरच चांगला असतो काय? तसें असेल तर कोणाजवळून तरी उसने घेऊन उद्यां सकाळीं अमरावतीहून बाटली आणवितों. तसें नसेल तर माझ्या मेहुण्याचा अपमान कशासाठीं करावा?"

आम्हीं त्याची कशीबशी समजूत घातली, परंतु प्रश्नाचें उत्तर दिलें नाहीं. कारण तें आम्हांस ठाऊक नव्हतें.

हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक दिसतो. अत्तर कांहीं भाकरी नव्हे. त्यावांचून कोणाचें अडत नाहीं. परंतु ज्या प्रश्नापायीं एक बाप मांडवाच्या आदल्या रात्रीं कर्जाचा हिशेब करीत बसतो, त्यास क्षुल्लक कसें म्हणावें? शिवाय त्याच्या पोटांत दुसरे दोन मोठे प्रश्न दडलेले आहेत. वस्तूची किंमत व वस्तूचा गुण यांचा एकमेकांशीं संबंध काय? आणि आपलीं इंद्रियें आपणांस खरी साक्ष देतात, कीं कानांवर जें पडलें असेल तेंच परत सांगतात? म्हणून या विषयाचा थोडा विचार आज आमच्या प्रिय वाचकांबरोबर करावा असें आम्हीं योजिलें आहे.

लोकांत अशी म्हण आहे कीं, स्वस्त घेणारा वारंवार रडतो आणि महाग घेणारा एकदांच रडतो. नांगराचा फाळ, विळा, पायांतील जोडा यांविषयीं ही म्हण बहुधा खरी ठरते. कारण तेथें जास्त पैशाबरोबर जास्त टिकाऊपणा येतो, व तो डोळ्यांस दिसतो. परंतु सुगंधाची किंमत कशाची बनते तें नीट पाहिलें पाहिजे. खऱ्या गुलाबतेलाचें उदाहरण घ्या. १ किलो तेल निघण्यास सुमारें ३,५०० ते ४,००० किलो पाकळ्या लागतात. फुलें सकाळीं, ऊन चढण्यापूर्वीं, एकेक करून हातानें खुडावीं लागतात. तेव्हां हें तेल लाखों रुपये किलोनें विकलें जातें यांत नवल नाहीं. पण ध्यानांत घ्या कीं, ही किंमत वासाची नव्हे. ती दुर्मिळपणाची व मजुरीची आहे. उद्यां जर एकेका गुलाबांतून घागरभर तेल निघूं लागलें, तर त्याचा वास तोच राहील, आणि मोल मात्र रॉकेलाएवढें होईल.

दुकानांतील नांवाजलेल्या बाटलीची गोष्ट तर याहूनहि निराळी. ज्यास 'ओ द पर्फम' म्हणतात त्या प्रकारांत शंभर भागांमध्यें सुगंधी द्रव्याचे भाग सुमारें पंधरा ते वीस असतात. कोलोनमध्यें तर दोन ते पांचच. उरलेला बहुतेक भाग मद्यार्काचा व कांहीं पाण्याचा. गिऱ्हाईक जें मोल देतें त्यांत या द्रव्याखेरीज कांचेची बाटली, सुबक डबी, दुकानाचें भाडें, व जाहिरातींत हंसणाऱ्या नटनट्यांची बिदागी, हें सर्व येतें. शिवाय महाग बाटलींतील सुगंध फुलांचाच असतो असेंहि नाहीं. १८६८ सालीं विल्यम पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानें कुमारीन नांवाचें सुवासिक द्रव्य प्रयोगशाळेंत तयार केलें, आणि पुढें अशीं कृत्रिम द्रव्यें उंची अत्तरांत सर्रास वापरलीं जाऊं लागलीं. १९२१ सालीं अर्नेस्ट बो यानें बनविलेलें 'शनेल नंबर ५' हें जगप्रसिद्ध अत्तर अल्डिहाइड नांवाच्या कृत्रिम द्रव्यांच्या भरपूर उपयोगामुळेंच वेगळें ठरलें. तेव्हां 'महाग तें फुलांचें व स्वस्त तें कारखान्याचें' ही विभागणी टिकत नाहीं.

तथापि स्वस्ताची बाजू घेऊन आंधळेपणानें बोलण्याची आमची इच्छा नाहीं. उत्तर प्रदेशांतील कनौज हें गांव अत्तराविषयीं प्रसिद्ध आहे. तेथें तांब्याच्या देगेंत फुलें व पाणी घालून खालीं जाळ करतात, वाफ बांबूच्या नळीनें भपका नांवाच्या भांड्यांत उतरवितात, आणि त्या भांड्यांत आधींच ठेविलेलें चंदनाचें तेल तो सुगंध धरून ठेवतें. पण चंदन फार महाग झालें आहे. म्हणून पुष्कळ स्वस्त अत्तरांत त्याच्या जागीं पॅराफिनसारखें बिनवासाचें तेल घालतात. तेणेंकरून सुगंधास खालीं आधार राहत नाहीं. वास प्रथम नाकांत चढतो व थोड्या वेळांत उडून जातो. तेव्हां एका मर्यादेपर्यंत जास्त पैशांत खरोखर कांहीं जास्त मिळतें हें प्रामाणिकपणें कबूल केलें पाहिजे. परंतु ती मर्यादा ओलांडल्यावर पुढील प्रत्येक रुपयास सुगंध मिळत नाहीं, नांव मिळतें.

नांवाचा हा महिमा केवढा असतो हें दाखविणारी एक जुनी हकीकत आपल्याच वऱ्हाडांतील आहे. मेळघाटाच्या उतारांवर व सातपुड्याच्या पायथ्याच्या रानांत रोशा नांवाचें एक उंच गवत उगवतें. कोणी त्यास रोहिष म्हणतात. पावसाळा सरतांना त्यास तुरे येतात, आणि त्याचें पान हातांत चुरगळलें तर गुलाबासारखा वास येतो. जुन्या माणसांस रोशाचें तेल ठाऊक आहे तें सांधेदुखीवर चोळण्याचें औषध म्हणून. ओढ्याच्या कांठीं भट्टी मांडावी, भांड्यांत गवत व पाणी भरून जाळ करावा, वाफ नळीनें थंड पाण्यांत ठेविलेल्या दुसऱ्या भांड्यांत न्यावी, आणि पाण्यावर तरंगणारें तेल काढून घ्यावें, अशी त्याची जुनी रीत. गुलाबतेलाच्या तुलनेनें याची किंमत आजहि शेंकडों पटींनीं कमी आहे.

एकोणिसाव्या शतकांत हें तेल खानदेश, निमाड व वऱ्हाड या भागांतून मुंबईस जाई, आणि तेथून जहाजानें तांबड्या समुद्रावरील बंदरांस व पुढें कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचें इस्तंबूल, येथें पोंचे. तेथील व्यापारी तें लिंबाच्या रसाबरोबर घुसळून उन्हांत ठेवीत. तेणेंकरून त्याचा उग्रपणा कमी होऊन वास गुलाबाच्या अधिक जवळ येई. मग तें बल्गेरियांतील गुलाबाच्या मुलखांत जाई. तेथें कित्येक जण तें गुलाबतेलांत मिसळीत, आणि कित्येक तर अर्क काढण्यापूर्वींच पाकळ्यांवर शिंपडीत. हें मिश्रण खरें गुलाबतेल म्हणून युरोपांतील श्रीमंत बाजारांत विकलें जाई. युरोपांतील व्यापाऱ्यांत या गवताच्या तेलास 'तुर्की जिरेनियम तेल' असें नांव पडलें होतें. तें तुर्कस्तानचें नव्हतें, आणि जिरेनियम या फुलझाडाचेंहि नव्हतें! आपल्या डोंगरांतील गवताचें खरें नांव वाटेंतच कोठें तरी गळून पडलें.

नाकें फसलीं यास कारण आहे. रोशाच्या तेलाचा बहुतेक भाग, शंभरांत सुमारें सत्तर ते पंच्याऐंशी, जिरेनिऑल या द्रव्याचा असतो; आणि गुलाबतेलांतहि हेंच द्रव्य पुष्कळ असतें. तरीपण गुलाब तो गुलाबच. त्याच्या तेलांत डॅमासेनोन नांवाचें एक द्रव्य असतें. तें हजार भागांत एखाद-दुसरा भागहि भरत नाहीं, परंतु गुलाबाच्या वासाचा मोठा हिस्सा त्याचाच असतो. सरावलेलें नाक हा भेद ओळखूं शकतें. पण सरावलेलीं नाकें जगांत थोडीं. म्हणून सावध व्यापारी नाकावर विसंबून न राहतां थंडीची साक्ष काढीत. शुद्ध गुलाबतेल गारव्यानें गोठूं लागतें, गवताचें तेल तसें गोठत नाहीं. विकणाऱ्यांनीं या परीक्षेवरहि तोड काढली, व भेसळींत गोठणारे मेणासारखे पदार्थ घातले. असत्य एकटें कधीं राहत नाहीं. एका खोट्यास सांभाळावयास दुसरें खोटें लागतें.

येथें एखादा विचारी वाचक विचारील, "लंडनांत ज्या बाईनें तें तेल रुमालास लाविलें, तिला त्याचा वास आवडला. तिला भेद कळला नाहीं व जन्मभर कळणारहि नव्हता. मग तिची हानि ती कोणती झाली? सुगंध पाहिजे होता, सुगंध मिळाला." हा आक्षेप दिसतो तितका पोकळ नाहीं. आमच्याहि मनांत तो कांहीं दिवस घोळत होता. त्यावर आमचें उत्तर असें आहे.

मनुष्य म्हणजे केवळ नाक नव्हे. समजा, एखादा मित्र तुमच्या तोंडावर तुमची स्तुति करतो व पाठीमागें हंसतो. तुम्हांस तें कधींच कळलें नाहीं. स्तुतीचा आनंद तुम्हांस खऱ्या मित्राच्या स्तुतीइतकाच झाला. परंतु अगोदरच कोणी विचारलें असतें कीं, "असा मित्र पाहिजे काय?" तर तुम्ही होय म्हणाला असतां काय? आपणांस आनंद पाहिजे असतो खरा, पण तो खऱ्या कारणानें व्हावा अशीहि आपली इच्छा असते. त्या बाईनें सुगंधाबरोबर एक वचन विकत घेतलें होतें, आणि तें वचन खोटें निघालें. ही पहिली हानि.

दुसरी हानि त्या प्रामाणिक बागवानाची, ज्यानें भेसळ न करतां आपलें तेल बाजारांत आणिलें, आणि शेजाऱ्याच्या स्वस्त मिश्रणापुढें जो मागें पडला. तिसरी हानि आमच्या मतें सर्वांत मोठी असून ती कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. मेळघाट हा मुख्यत्वेंकरून कोरकू लोकांचा मुलूख. अशा डोंगरांत ज्यानें गवत कापलें व भारे वाहिले, त्याच्या मालास जगाच्या बाजारांत स्थान मिळालें, पण नांव मिळालें नाहीं. गुलाबाच्या नांवाखालीं जेव्हां तें तेल शोभलें, तेव्हांच सिद्ध झालें कीं त्याचा वास हलका नव्हता. तरीहि मान गुलाबास, नफा व्यापाऱ्यास, आणि मजुरास केवळ मजुरी! खोट वासांत नव्हती. खोट नांवांत होती. वऱ्हाडचें गवत वऱ्हाडचें म्हणून विकलें गेलें असतें, तर त्यांत कोणाचेंहि पाप नव्हतें.

आतां नाकाच्या साक्षीकडे वळूं. २००५ सालीं ऑक्सफर्ड येथील शास्त्रज्ञांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनीं एकच वास माणसांस हुंगावयास दिला; मात्र एका वेळीं त्यावर 'चीज' म्हणजे मुरविलेल्या पनिराचें नांव दाखविलें, व दुसऱ्या वेळीं 'अंगाचा वास' असें दाखविलें. पहिल्या नांवाखालीं तो वास लोकांस बरा वाटला, दुसऱ्या नांवाखालीं नकोसा वाटला. इतकेंच नव्हे, तर सुखदुःखाशीं संबंध असलेल्या मेंदूच्या भागांतहि तसाच फरक दिसून आला. तीन वर्षांनीं, २००८ सालीं, कॅलिफोर्नियांतील शास्त्रज्ञांनीं द्राक्षारसावर प्रयोग केला. मद्याविषयीं आमचें मत वाचकांस ठाऊक आहेच. येथें केवळ दाखल्यापुरतें सांगतों. एकच मद्य एकदां दहा डॉलरचें म्हणून व एकदां नव्वद डॉलरचें म्हणून पाजलें. नव्वदाचें म्हटल्यावर तें अधिक गोड लागलें, आणि मेंदूनेंहि त्या सुखाची ग्वाही दिली. म्हणजे हे लोक लबाडी करीत नव्हते. त्यांस खरोखरच अधिक सुख झालें. किंमत कानांतून आंत गेली, आणि जिभेच्या चवीत मिसळली.

लग्नाहून परत आल्यावर आम्हींहि एका रविवारीं सायंकाळीं आपल्या ओसरीवर लहानसा प्रयोग केला. तीन वाट्यांत कापसाचे तीन फाये ठेविले. एकास बाजारांतील स्वस्त गुलाबाचें अत्तर लाविलें, दुसऱ्यास रोशाचें तेल, व तिसऱ्यास एका स्नेह्याजवळून मागून आणिलेल्या उंची बाटलींतील थेंब. तरुण मंडळी व कांहीं वडील माणसें मिळून अकरा जण होते. प्रथम मतें तिन्हींकडे विखुरलीं. दोघां म्हाताऱ्यांनीं तर रोशाचा फाया ओळखून तोच उत्तम म्हणून सांगितलें, कारण त्यांस त्यांच्या आईच्या गुडघ्यांस लावलेल्या तेलाची आठवण झाली. थोड्या वेळानें आम्हीं ती उंची बाटली आणून स्वस्त अत्तराच्या वाटीशेजारीं ठेविली. तोंडानें एक अक्षरहि बोललों नाहीं. दुसऱ्या फेरींत अकरांपैकीं आठ जणांनीं त्याच वाटीस पहिला मान दिला. खरें सांगितल्यावर सर्व हंसले, आम्हीहि हंसलों. पण मागाहून आमचें मन आम्हांस टोचूं लागलें. खोटें न बोलतां केवळ बाटली कोठें ठेवावी एवढ्यानेंच माणसांस फसवितां येतें; आणि आम्हीं तेंच केलें होतें.

या सर्वांवरून अत्तराविषयीं जें निष्पन्न होतें तें थोडक्यांत सांगतों. अगदीं हलकें अत्तर कधीं कधीं खरोखरच हलकें असतें. उत्तम अत्तर घडविणाऱ्याच्या कौशल्यास व कच्च्या मालास दाम द्यावाच लागतो. पण किंमत वाढली म्हणून त्याच प्रमाणांत सुगंध वाढत नाहीं. आणि आपण 'महागाचा वास चांगला' म्हणतों, तेव्हां पुष्कळदां आपण वास घेत नसून किंमत हुंगीत असतों.

आणखी एक गोष्ट पाहा. आपणच लावलेल्या अत्तराचा वास थोड्या मिनिटांतच आपल्या नाकास येईनासा होतो. नाक एकाच वासास लवकर सरावतें. ही त्याची निसर्गानें ठरविलेली रीत आहे. तेव्हां जो अत्तर लावतो तो मुख्यतः दुसऱ्यांसाठीं लावतो. शेजारी बसणाऱ्यास बरें वाटावें म्हणून लाविलें असेल तर तें सौजन्य होय, आणि त्यास दीडशें रुपयांची कुपी पुरते. परंतु आपली ऐपत दुसऱ्यांस कळावी म्हणून लाविलें असेल, तर अडचण अशी आहे कीं किंमतीस वास नसतो. म्हणून ती तोंडानें सांगावी लागते. त्या सायंकाळीं ओसरीवर नेमकें हेंच घडलें. जोंपर्यंत कुपी हातोहात फिरत होती तोंपर्यंत तिचा वास गोड होता. सात हजारांचा आंकडा उच्चारला गेला आणि तो वास नाहींसा झाला. कुपींतील थेंबांत काय बदल झाला? कांहींच नाहीं. बदल झाला तो मामाच्या मानांत.

वाचकहो, हीच गोष्ट आम्हांस सर्वांत अधिक भयंकर वाटते. ज्या कानानें आपण अत्तराची किंमत ऐकून नाकास हुकूम देतों, त्याच कानानें माणसाची किंमत ऐकून मनास हुकूम देतों. अकोल्याच्या जिनिंगमध्यें दिवसभर रुईचे ढीग उपसून आलेला मजूर भक्तीस येऊन बाकावर बसला, कीं शेजारचा थोडा सरकतो. तोच घाम एखाद्या नांवाजलेल्या खेळाडूच्या अंगास आला, तर त्याच्याशीं हात मिळविण्यास लोक रांग लावतात. ऑक्सफर्डच्या प्रयोगांत वास एकच होता, नांवें मात्र दोन होतीं. आमच्या मंडळ्यांतहि तोच प्रयोग दर रविवारीं चालला आहे, आणि त्याचा निकाल कोणी प्रसिद्ध करीत नाहीं.

येथें कोणी आम्हांस शास्त्रांतीलच एका प्रसंगाची आठवण देईल. बेथानीच्या घरांत मरियेनें जें सुगंधी तेल ओतिलें तें जटामांसीचें होतें. जटामांसी ही हिमालयांतील वनस्पति. तेथून तें इतक्या दूर गेलेलें. त्याचें मोल तीनशें दीनार सांगितलें आहे, आणि दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. तेव्हां जवळजवळ एका वर्षाची कमाई झाली. हें विकून गरिबांस कां दिलें नाहीं, असा आक्षेप तेव्हांच निघाला, आणि प्रभूनें त्या स्त्रीचीच बाजू घेतली. मग महाग अत्तर घेण्यास हा आधार नव्हे काय?

आम्हांस तसें वाटत नाहीं. त्या कुपीची किंमत कोणी तिच्याजवळून मागितली नव्हती. ती तिनें कर्ज काढून आणिली असेंहि कोठें सांगितलेलें नाहीं. तिनें किंमत सांगितली नाहीं. किंमत मोजली ती आक्षेप घेणाऱ्यांनीं. आणि तिनें तें तेल आपल्या अंगास लावून मिरविलें नाहीं, तर दुसऱ्यासाठीं सर्वच्या सर्व ओतून टाकिलें. ज्या प्रभूनें तीनशें दीनारांचें तेल स्वीकारलें, त्यानेंच विधवेच्या दोन टोल्यांस सर्वांहून मोठें दान म्हटलें. तेव्हां त्याच्या तराजूंत महागपणा हें पाप नाहीं, व स्वस्तपणा हें पुण्य नाहीं. तेथें एवढेंच पाहिलें जातें कीं, देणाऱ्यानें आपखुशीनें दिलें कीं नाहीं, आणि दिलें तें प्रीतीनें कीं भीतीनें. जी भेट सूचक बोलून, लाजवून काढून घेतली जाते, ती भेट नव्हे. ती खंडणी होय, मग तिला कितीहि सुगंध येत असो.

आतां त्या लग्नाचें काय झालें तें सांगणें उरलें आहे. दुसऱ्या दिवशीं पहाटेंच एक मुलगा मोटारसायकलीवर अमरावतीस गेला, आणि दुपारीं बाटली आली. पैसे गांवांतल्याच एका दुकानदाराकडून, पुढील कापसावर, घेतले होते. लग्न थाटानें लागलें. मामा मांडवाच्या मागें पाण्याच्या पिंपाजवळ उभा राहून लोकांस पाणी देत होता. पंक्तीस शेवटपर्यंत बसला नाहीं. कित्येक दिवसांनीं त्या नवरदेवाची व आमची भेट झाली. बोलतां बोलतां तो म्हणाला, "मीं तर असें कांहीं मागितलें नव्हतें, पाळकसाहेब. ती बाटली मला एकदां कचेरींतल्या मित्रानें दिली होती, एवढेंच." वाचकहो, आदल्या रात्रीं एका बापानें आम्हांस सरळ प्रश्न विचारला होता. आम्हांस शास्त्रज्ञांचे प्रयोग ठाऊक नव्हते हें खरें. पण मेहुण्याचा अपमान करूं नये, एवढें सांगण्यास कोणतें शास्त्र पाहिजे होतें? वरपक्षास राग येईल या भयानें आम्ही गप्प राहिलों. आमच्या मौनाचें मोल सात हजार रुपये झालें, आणि तें भरलें दुसऱ्यानें. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचें उशिरां दिलेलें उत्तर होय.

जून महिन्यांत त्याच खेड्यावरून आमचें जाणें झालें. नुकतीच पहिली सर पडून गेली होती, व तापलेल्या काळ्या मातींतून तो वास उठत होता ज्यास वऱ्हाडांत कोणी नांव विचारीत नाहीं. ऑस्ट्रेलियांतील इझाबेल बेअर व रिचर्ड टॉमस या शास्त्रज्ञांनीं १९६४ सालीं त्यास 'पेट्रिकोर' असें नांव दिलें. आणि कनौजचे कारागीर तर पिढ्यान्‌पिढ्या भाजलेल्या मातींतून याच वासाचें अत्तर काढीत आले आहेत. शहरांतील शौकीन लोक तें कुपीनें विकत घेतात. वधूपिता व त्याचा मेहुणा बांधावर उभे राहून पेरणीचें बोलत होते. दोघांचें बोलणें पुन्हां सुरू झालेलें पाहून आम्हांस समाधान वाटलें. आम्ही गाडी थांबवून त्यांच्याजवळ गेलों, आणि त्या रात्रीं जें सांगावयास पाहिजे होतें तें तेथें सांगितलें. वधूपित्यानें ऐकून घेतलें व म्हटलें, "हें तुम्ही तेव्हां बोलले असते तर बरं झालं असतं." आमच्याजवळ त्यास उत्तर नव्हतें.

ज्यांच्या घरीं यंदां लग्नें आहेत, त्यांस आमची एवढीच विनंति आहे कीं, कोणी प्रीतीनें आणिलेली कुपी हातीं आली, तर ती हुंगावी, चांगली असेल तर चांगली म्हणावी, आणि किंमत विचारूं नये. कोणी न विचारतां सांगूं लागला, तर त्या वेळीं मांडवांत जो कोणी शहाणा बसला असेल त्यानें गप्प राहूं नये.